सम्प पंपाचा पाइप सुटतो त्या कोपऱ्यात जास्वंद जगेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत घर, बॅकयार्डच्या खालच्या कोपऱ्यात सम्प पंपाचा (बेसमेंटखाली साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा) पाइप येऊन सुटतो, तिथलं लॉन कुजतं, एप्रिलमध्ये बूट रुततात. होम स्टोअरमधून आणलेल्या दोन जास्वंदी तिथे लावल्या त्या पहिल्याच थंडीत गेल्या. आता कॉन्ट्रॅक्टर फ्रेंच ड्रेन (पाणी वाहून नेणारा खडीचा, भोकाच्या पाइपाचा चर) टाका म्हणतोय आणि ऑफिसमधल्या कुणीतरी स्वॅम्प हिबिस्कस लाव असं सुचवलंय. तर ते जगेल का, डास होतील का, आणि गणपतीला फुलं मिळतील का.

जगेल. डास, थोडी काळजी घेतली तर नाही. गणपतीला फुलं मिळतील पण लाल हवी असतील तर थोडी गंमत आहे, ती शेवटी सांगते. मी मेरीलँडमध्ये राहते, लोकांच्या घरी रेन गार्डन, म्हणजे वाहून येणारं पाणी जिरवणारी बाग, लावून देणं हाच माझा धंदा आहे, आणि दहा गिऱ्हाइकांतले सहा तरी तुमच्यासारखाच कोपरा दाखवून "याचं काहीतरी करा" म्हणतात. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या दोन जास्वंदी का गेल्या ते. तुम्ही आणली ती आपली देशातली जास्वंद, म्हणजे ट्रॉपिकल हिबिस्कस, चकचकीत गडद हिरवी पानं, वर्षभर थोडी थोडी फुलं. तिला फ्रॉस्ट अजिबात सोसत नाही आणि तिची मुळं सतत पाण्यात राहिली की सडतात, तुम्ही तिला दोन्ही शिक्षा एकदम दिल्यात. दुसरी असते रोज ऑफ शॅरन, तीही मूळची आशियातली, ती मोठं लाकडी झुडूप होते, थंडी सोसते, पण तिची पिल्लं सगळ्या अंगणभर उगवतात आणि उपटून उपटून जीव जातो, शिवाय तिलाही पाय सतत ओले चालत नाहीत. आणि तिसरी ही, स्वॅम्प रोज मॅलो, बोटॅनिकल नाव हिबिस्कस मोश्यूटोस. ही इथलीच, कॅनडातल्या ओंटारिओपासून खाली फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत दलदलीत, नदीकाठी, रस्त्याकडेच्या चरांत आपली आपण वाढते. ऑगस्टमध्ये डेलावेअर बेच्या बाजूने किंवा आमच्या ईस्टर्न शोअरला गाडी काढलीत तर प्रत्येक चरातून पांढऱ्या-गुलाबी ताटल्या दिसतात ना, तीच ती. लोक त्या बघतात, कुणीतरी लावल्या असतील म्हणतात आणि पुढे जातात.

पानं हिची मंद हिरवी, बदामासारखी, खालून पांढुरकी आणि मऊ लव असलेली. फूल चार ते सहा इंचाचं, पांढरं नाहीतर गुलाबी, बहुतेक वेळा मधोमध गडद लाल डोळा. भेंडीचं फूल कधी निरखून बघितलं असेल तर तोच डोळा, फक्त पाकळी पिवळी नाही आणि आकार बराच मोठा. एकाच कुळातली भावंडं आहेत ही, भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद, सगळे मॅलो.

दुकानात हार्डी हिबिस्कस म्हणून जेवणाच्या ताटाएवढी, दहा-बारा इंची फुलांची झाडं मिळतात, ती बहुतेक हिच्याच आणि हिच्या बहिणींच्या संकरातून काढलेली असतात. वाईट नाहीत ती, थंडीतही टिकतात, पण मला विचाराल तर तुमच्या कोपऱ्याला साधी जंगली जातच लावा. ती उंच होते, चार ते सहा फूट, वाऱ्यात वाकते आणि परत उभी राहते, आणि संकरित फुलं एवढी जड असतात की जुलैच्या एका वादळी पावसात सगळा झुपका आडवा होतो, मग बांबू लावत बसा. नेटिव्ह प्लांट सोसायटी ऑफ न्यू जर्सी आहे, त्यांच्या प्लांट सेलवर लक्ष ठेवा, नाहीतर नेटिव्ह नर्सरीत जाऊन सरळ मोश्यूटोस मागा आणि निओनिक (झाडात मुरणारं एक कीटकनाशक) फवारलंय का तेही विचारा, कारण पुढे जी मधमाशी येणार आहे तिला ते विष आहे. आणि बेच्या काठावरून फावड्याने उपटून आणू नका प्लीज. सरकारी जमीन असेल तर ते बेकायदा, खासगी असेल तर मालकाला विचारल्याशिवाय नाही, आणि तसंही मोठं जुनं झाड उपटलं की निम्मी मुळं तिथेच राहतात आणि हातात येतं ते मरतं.

आता जागा. फ्रेंच ड्रेन टाकायच्या आधी एक बघा, पाणी बेसमेंटकडे परत येतंय का? पाइपाचं तोंड घराच्या पायापासून निदान दहा-पंधरा फूट लांब आणि उतार घरापासून बाहेरच्या दिशेला, एवढं असेल तर ते पाणी कुणालाच त्रास देत नाहीये, फक्त लॉनला देतंय. आणि लॉन तिथे नको हेच तर ते लॉन गेली तीन वर्षं तुम्हाला सांगतंय. पाणी पायाकडे येत असेल तर मात्र आधी पाइप लांबवा, झाड नंतर. आणखी एक, तुमच्या जमिनीच्या मागे ओढा किंवा झाडीतली दलदल असेल आणि हा कोपरा तिलाच जोडलेला असेल तर भराव टाकायच्या आधी टाउनशिपला विचारा, न्यू जर्सीत १९८७ पासून फ्रेशवॉटर वेटलँड्सचा कडक कायदा आहे, स्वतःच्या जमिनीवरसुद्धा परवानगीशिवाय बुजवता येत नाही. नुसत्या सम्प पंपामुळे ओला राहणारा लॉनचा कोपरा सहसा त्यात येत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

डासांचं म्हणाल तर डास ओल्या मातीत होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात, आणि तेही ते पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर. पंपाचं पाणी दोन दिवसांत जिरत असेल तर निर्धास्त राहा. पाइपाच्या तोंडाशी खड्डा पडून डबकं झालं असेल तर तिथे नदीतले गोटे भरा, पाण्याचा जोरही मोडतो. उरलंच डबकं तर बीटीआयच्या वड्या मिळतात, डोनटसारख्या दिसतात, त्या फक्त डासाच्या अळीला आणि तिच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांना मारतात.

ऊन मात्र पाहिजे. सहा तास थेट, त्याच्या खाली आलात तर झाड नुसतं लांबुडकं वाढतं, कळ्या धरत नाही आणि मग लोक खत घालत सुटतात. मी एका घरी मेपलखाली लावून दिली होती, मालकिणीचा आग्रह, मीही सुरुवातीला धंद्यात नवीन होते तेव्हा नाही म्हणता आलं नाही, तीन वर्षांत मिळून सात फुलं. शेवटी उचलून उन्हात नेली तेव्हा त्याच झाडाला पुढच्या उन्हाळ्यात मोजता येईनात.

इथे एक गोष्ट जी जवळजवळ सगळ्यांची चुकते. सगळे समजतात जागा ओली आहे, झाड दलदलीचं आहे, झालं, आता बघायला नको. पण सम्प पंप चालतो कधी? मार्च, एप्रिल, मे. बर्फ वितळतं, पाऊस पडतो, जमिनीतलं पाणी वर येतं, पंप रात्रंदिवस घरघरतो. आणि जुलै संपता संपता तोच पंप आठवडेच्या आठवडे गप्प असतो. नेमकं तेव्हा या झाडाला कळ्या आलेल्या असतात, पान मोठं झालेलं असतं आणि ते सगळ्यात जास्त पाणी मागत असतं. म्हणजे तुमचा कोपरा वसंतात दलदल आणि ऑगस्टमध्ये वीट. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन टपटप पडायला लागल्या की रोग शोधू नका, बोट मातीत घाला, दोन इंच खोल. कोरडी लागली तर उत्तर तिथेच मिळालं. दलदलीतलं झाड आहे म्हणून महिनाभर पाण्यात उभं राहील, पण दोन आठवडे कोरडं ठेवलंत तर फुलांचा सीझन गेला.

यावर माझा आवडता उपाय म्हणजे एसीचं पाणी. सेंट्रल एसीचा कंडेन्सेट पाइप बाहेर कुठे ठिबकतो ते बघा, दमट दिवसात त्यातून बादल्या भरतील एवढं पाणी येतं आणि गंमत म्हणजे ते नेमकं जुलै-ऑगस्टमध्येच येतं, जेव्हा पंप बंद असतो. एक साधी नळी जोडून उताराने त्या कोपऱ्यापर्यंत नेली की झालं. ते जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा होज सोडून ठेवायचा, वरवर शिंपडायचं नाही, मुळापर्यंत जाईल असं सावकाश अर्धा तास. पहिल्या वर्षी हे काटेकोर करा, नंतर मुळं खोल गेली की ते थोडं सांभाळून घेतं. मातीवर तीन इंच पानांचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर, म्हणजे मल्च, द्या, फक्त खोडाला चिकटवू नका.

लावणं सोपं आहे. मे महिन्याच्या मध्यावर, थंडी खरंच गेली की, कुंडीपेक्षा दुप्पट रुंद खड्डा, खोली कुंडीएवढीच, खोडाचा गड्डा मातीच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली. चिकणमाती असेल तर वाळू अजिबात मिसळू नका, त्याची वीट होते, कंपोस्ट घाला. दोन झाडांत तीन फूट अंतर. तुमच्या वर्णनावरून कोपरा दहा बाय आठ वाटतोय, तर पाच रोपं पुरेत, जास्त नको. पुढच्या बाजूला ब्लू फ्लॅग आयरिस लावलंत तर मे-जूनमध्ये तिथे बघायला काहीतरी राहील, कारण आपली बाई मेच्या मध्यापर्यंत तरी झोपलेली असणार. खत म्हणाल तर वसंतात कंपोस्टची एक पाटी, बास. रोप फूटभर झालं की जूनच्या सुरुवातीला शेंडे खुडा, फुटवे जास्त येतात, झाड थोडं बुटकं आणि भरीव होतं. जून उलटल्यावर खुडू नका, मग फुलंच मागे पडतात.

आता झोपेबद्दल. हिवाळ्यात हे झाड जमिनीपर्यंत मरतं, वर नुसत्या काड्या. आणि वसंतात सगळ्यात शेवटी उठतं. डॅफोडिल येऊन गेले, लायलॅक फुलली, शेजाऱ्याची होस्टा गुडघ्याएवढी झाली तरी हिचा पत्ता नसतो. न्यू जर्सीत मेचा मध्य, गार वर्ष असेल तर मेचा शेवट धरून चाला. मी पहिल्या वर्षी काय केलं, २० एप्रिलला फावडं घेऊन गेले, मेलं म्हणून गड्डा उचकटला, बाहेर काढून बघते तर खाली मुळांपाशी बोराएवढे लालसर पांढरे सहा-सात कोंब, एकेक टणक, जिवंत. त्यातले चार माझ्या फावड्याने तुटले होते. तसंच परत पुरलं, जगलं बिचारं, पण त्या वर्षी रुसलं. तेव्हापासून मी वाळलेल्या काड्या हिवाळाभर तशाच ठेवते, मार्चमध्ये सहा इंच ठेवून कापते, म्हणजे झाड कुठे आहे हेही कळतं आणि कुणी त्यावर दुसरं काही लावत नाही. तुमच्याकडे लॉनवाला येत असेल तर त्याला ती जागा दाखवून ठेवा, माझ्या एका गिऱ्हाइकाचं पूर्ण झाड ट्रिमरने गेलंय.

कोंब एकदा निघाले की मात्र वेग बघण्यासारखा, आठवड्याला अर्धा फूट कधी कधी.

किडींमध्ये दोन महत्त्वाच्या. जपानी भुंगेरे तर तुमच्याच राज्याची देणगी, अमेरिकेत ते पहिल्यांदा १९१६ मध्ये न्यू जर्सीतल्या रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत सापडले. जूनच्या अखेरीपासून येतात, फुलं आणि वरची पानं कुरतडतात. सकाळी लवकर, गारव्यात ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याचं भांडं फुलाखाली धरायचं आणि टिचकी मारायची, ते खाली पडायलाच बघतात. बाजारात पिशवीवाले ट्रॅप मिळतात ते लावू नका, आख्ख्या गल्लीचे भुंगेरे तुमच्याकडे बोलावल्यासारखं होतं. दुसरी जास्त वाईट, हिबिस्कस सॉफ्लाय. माशीसारखा बारीक काळा कीटक, त्याच्या अळ्या हिरव्या, अर्ध्या इंचापेक्षा लहान, पानाच्या खालच्या बाजूला बसून शिरा सोडून सगळं खातात, आणि एका उन्हाळ्यात त्यांच्या अनेक पिढ्या होतात. सुट्टीवर गेलात आणि परत आलात तर पानांची जाळी झालेली असते, अक्षरशः लेस. दिसायला सुरवंटासारख्या म्हणून लोक बीटी (वरच्या बीटीआयचाच भाऊ, पण सुरवंटांसाठीचा) फवारतात आणि काही होत नाही, कारण ते औषध फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांवर चालतं, ही त्या कुळातली नाहीच. जूनपासून आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा, बारीक भोकं दिसली की बोटाने चिरडा किंवा इन्सेक्टिसायडल सोप खालच्या बाजूने मारा, अळीला लागला तरच चालतो. स्पिनोसॅड नावाचं कीटकनाशक चालतं पण ते ओलं असताना मधमाशांना घातक, म्हणून फुलावर असताना मी वापरत नाही. पाच रोपं आहेत, पंधरा मिनिटांचं काम आहे. हरणं शेंडे खातात, पहिली दोन वर्षं जाळी लावा.

आणि ती मधमाशी. रोज मॅलो बी म्हणतात तिला, टायलोथ्रिक्स बॉम्बिफॉर्मिस, दिसायला भुंग्यासारखी, काळी, पाठीवर फिकट पिवळसर लव. ती पिल्लांसाठी मुख्यतः या हिबिस्कसचेच पराग गोळा करते. घर करते कडक उघड्या जमिनीत, आणि जमीन एवढी कडक की आधी पाणी आणून भिजवावी लागते. ते पाणी ती आणते कसं, तर पाण्यावर उतरते. खरंच, पाय फाकवून सरळ पाण्याच्या पृष्ठभागावर उभी राहते, बुडत नाही, पाणी पिऊन घेते आणि उडते. मी बर्डबाथपाशी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं बुडतेय, वाचवायला काडी घेऊन गेले तर बाई उडून गेली. मग बिळाच्या तोंडाशी मातीचा बारीकसा मनोरा दिसतो. म्हणून कोपऱ्याच्या बाजूला हातभर जमीन उघडी, मल्च न घालता ठेवा आणि एक पसरट भांडं पाण्याचं, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहा. ती येईलच असं नाही, पण फुलं असतील तर शक्यता चांगली.

बी स्वतः करायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोंडं तपकिरी होऊन पाच फाकांत उकलतात, कापसाच्या बोंडासारखीच, आत मिरीच्या दाण्यापेक्षा लहान गोल बिया. साल कडक असते, सँडपेपरवर दोनदा घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, पाव इंच खोल पेरा, घरात ऊबदार जागी एक ते तीन आठवड्यांत उगवतात. मार्चमध्ये पेरलंत तर फुलं दुसऱ्या उन्हाळ्यात, क्वचित पहिल्याच. भोकं पडलेल्या बिया टाकून द्या, आतून किड्याने खाल्लेल्या असतात.

राहता राहिला गणपती. मोश्यूटोस जुलै ते सप्टेंबर फुलते, म्हणजे बाप्पा ऑगस्टमध्ये येवोत की सप्टेंबरमध्ये, फुलं असतात, पण पांढरी-गुलाबी. लाल हवं तर तिची दक्षिणेकडची बहीण आहे, स्कार्लेट रोज मॅलो, हिबिस्कस कॉक्सिनियस, मूळची फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, लुइझियानाकडची. पाच अरुंद पाकळ्या, मधे फटी, चांदणीसारखं भडक लाल फूल. न्यू जर्सीची नेटिव्ह नाही ती, पण झोन ६ (थंडीनुसार पाडलेल्या बागकामाच्या पट्ट्यांपैकी एक) पर्यंत टिकते, गड्ड्यावर जाड मल्च द्यायचं, आणि तुमच्याकडे ती जरा उशिरा फुलते. एक रोप चालेल. पानं हिची हाताच्या बोटांसारखी फाटलेली, अंबाडीची आठवण येते, आणि शेजाऱ्यांना भलत्याच पिकाची, गांज्याची. माझ्याकडे एकाने कुंपणावरून हळूच विचारलं होतं, तेव्हा फुलं येईपर्यंत थोडा धीर धरा असं सांगितलं.

फूल एकच दिवस टिकतं, संध्याकाळी मिटून चिरूट होतं. म्हणून पूजेला आदल्या संध्याकाळी टपोरी, टोकाला रंग दिसणारी कळी काढा, वाटीत तशीच ठेवा, पाणी लागत नाही, सकाळी उमलते.

सगळं ठरवायच्या आधी एक करा, येत्या शनिवारी त्या कोपऱ्यात ऊन कधी येतं, कधी जातं ते घड्याळ लावून बघा आणि मला कळवा. चार तासच निघाले तर मग आपण वेगळं झाड बघू, त्याच चिखलात बटनबुश छान होते.